हनुवटीजवळची घडी

या, असे जवळ सरकून बसा, दाराशी नको. माझा आवाज आता चढत नाही आणि ही गोष्ट चढ्या आवाजात सांगण्यासारखीही नाही. माझ्या दादाची आणि वहिनीची आहे. मी आजवर ऐकलेल्या आख्यानांत शेवटी देव धावून येतो, टाळ वाजतात, ऐकणारे डोळे पुसतात. इथं मी अगदी शेवटपर्यंत दाराकडे बघत राहिले. पण सांगते, सगळं सांगते.

माझा दादा फोटो स्टुडिओत रिटचिंग करायचा. हल्लीसारखं यंत्रावर नाही, हातानं. समोर तिरकी दुधी काच, काचेमागे दिवा, काचेवर निगेटिव्ह आणि बोटांत सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. लोकांच्या देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, सगळं तो टिंब टिंब करून घालवायचा. त्याची एक सवय होती. पेन्सिल लावण्याआधी ती जागा तो अंगठ्यानं हलकेच चाचपायचा. निगेटिव्हवर काय लागणार हाताला? पण त्याचा अंगठा फिरला, की मागोमाग पेन्सिल जायची आणि तिथलं व्यंग नाहीसं व्हायचं. चाळीस वर्षं वहिनी शेजारी बसून पाकिटांवर पत्ते लिहायची. तिनं हे हजारदा पाहिलेलं.

लग्नानंतर त्यानं वहिनीचा एक फोटो काढला आणि आठवडाभर त्यावर काम करत बसला. तो फोटो आधी स्टुडिओच्या काचेत होता, मग घरी भिंतीवर आला. वहिनी हसून म्हणायची, ही तुझ्या दादाची बायको, माझी सवत. इतकी गुळगुळीत मी पाळण्यातसुद्धा नव्हते.

सत्तरी ओलांडल्यावर दादाचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. मला तो वर्षभर मावशी म्हणाला, मग तेही सुटलं. वहिनीला तो 'अहो बाई' म्हणू लागला. दुपारी खिडकीशी खुर्ची ओढून बसायचा आणि भिंतीकडे बोट दाखवून तिलाच विचारायचा, की ही माझी बायको, बाहेर गेलीय, तुम्हाला वाटेत दिसली का? वहिनी म्हणायची, येईल हं, येतेच आहे. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

सकाळी मात्र एक गोष्ट रोज व्हायची. ती चहा घेऊन त्याच्यासमोर बसली, की तो तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवायचा. हनुवटीच्या बाजूला, जबड्यावरून कातडी उतरून तिथं एक घडी पडली होती. त्या घडीवरून तो अंगठा फिरवायचा. वर, खाली, पुन्हा वर. मग शांतपणे चहा प्यायचा.

"ते मला पुसतात गं," वहिनी एकदा मला म्हणाली. "त्यांना आत ती फोटोतली दिसते, वर ही घडी दिसते. घडी गेली की ओळखतील. एकदा नावानं हाक मारू देत, मग काय व्हायचं ते होवो."

मी नको म्हणायला हवं होतं. पण तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी उजेड आला होता, तो मला विझवता आला नाही.

पैशांसाठी स्टुडिओतला मोठा कॅमेरा विकला आणि आम्ही दोघी चेहऱ्याची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वहिनी त्यांना शिंपीणबाई म्हणायची. बाई भल्या होत्या, घाई करणाऱ्या नव्हत्या. आरशासमोर बसवून त्यांनी नीट समजावलं. कातडीखालून दोरे ओढून घेता येतात, पण ते फार टिकत नाही, आणि इतक्या सैल कातडीला उपयोगही नाही. फेसलिफ्ट म्हणजे सैल कातडी ऑपरेशननं वर ओढून बसवायची; छोट्या फेसलिफ्टला कानासमोर लहानसा छेद, पण त्यात मान तशीच राहते. पूर्ण फेसलिफ्टमध्ये कानासमोरून मागे, केसांपर्यंत छेद घेऊन आतला थर वर उचलून बसवतात, मानही सुधारते. जबड्याजवळची घडी जायची तर हाच. रक्तदाब तपासला, रक्त पातळ करणारी कुठली गोळी चालू आहे का ते विचारलं, कानाजवळ बधिरपणा काही महिने राहील असं बजावलं. वहिनीनं पिशवीतून फोटो काढून पुढे केला, तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आठ-दहा वर्षं मी कमी करीन, चाळीस नाही; आणि असा जबडा कुणाचा नसतो, हे चित्रकाराचं काम आहे. शेवटी त्यांनी विचारलं, हे तुम्ही कोणासाठी करताय?

"माझ्यासाठीच," वहिनी म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. देवाकडे मी पुष्कळ गोष्टींची क्षमा मागते, त्यात ही पहिली.

ऑपरेशन नीट झालं. डोक्याभोवती पट्टी, कानामागून रक्त वाहून जायला बारीक नळी, ती दुसऱ्या दिवशी काढली. दादानं घाबरू नये म्हणून वहिनी वरच्या मजल्यावर माझ्या खोलीत राहिली आणि मी खाली दादाजवळ. तीन उशा रचून ती उताणी झोपायची. चेहरा निळा-जांभळा, मग पिवळा. मला म्हणायची, हसवू नकोस, शिवण उसवेल. आठवड्यानं टाके निघाले. दोन आठवड्यांनी डाग फिके झाले, सूज मात्र रेंगाळली.

खाली दादा सकाळी चहा घेईना. कप समोर ठेवला, की हात पुढे यायचा, हवेत थांबायचा, माझ्या तोंडापर्यंत येऊन परत जायचा. मग तो उशीच्या खोळीला पडलेली घडी शोधायचा आणि तिच्यावर अंगठा घासत बसायचा. मी म्हटलं, जुनी सवय, हातात काम नाही म्हणून. मी खोळ ओढून सरळ केली. एकदा नाही, रोज.

सहाव्या आठवड्यात वहिनी खाली आली. फोटोतली साडी, तसेच केस. खरं सांगते, सुंदर दिसत होती. चहा ठेवून ती समोर बसली. दादानं हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला. माझ्या मनात टाळ वाजायला लागले होते. अंगठा जबड्याशी गेला. वर गेला, खाली आला, पुन्हा वर. दुसऱ्या बाजूला शोधलं. मग बोट सरकत कानाशी गेलं आणि त्याचे डोळे एकदम कारागिराचे झाले.

"काम सफाईचं आहे," तो म्हणाला. "कानापाशी एक रेघ राहिलीय तेवढी. गिऱ्हाईक खूश होईल."

"अहो, मी आहे," वहिनी म्हणाली.

त्यानं अदबीनं हात मागे घेतला. परक्या बाईच्या तोंडाला हात लावल्याची लाज त्याच्या चेहऱ्यावर आली. मग हळूच विचारलं, "सकाळी एक बाई यायच्या. त्या कुठं गेल्या? त्यांना पाठवा ना."

त्या दिवशी आम्हाला कळलं. तो तिला पुसत नव्हता. सगळं हरवल्यावर त्याच्या अंगठ्याला तेवढी एक जागा ओळखीची उरली होती, आणि तीच आम्ही काढून टाकली होती.

वहिनी डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा गेली. घडी परत घालता येईल का, म्हणून. बाईंचे डोळे भरले. त्या म्हणाल्या, वय थांबत नाही, काही वर्षांनी कातडी आपोआप उतरेल. वहिनी म्हणाली, तेवढी वर्षं त्यांच्याकडे नाहीत. घरी येऊन तिनं दादाचीच पेन्सिल घेतली, टोक काढलं आणि आरशात बघून हनुवटीजवळ रेघ ओढली. सकाळी दादाचा अंगठा त्या रेघेवरून फिरला. तो काळा झाला. दादानं अंगठ्याकडे पाहिलं, धोतराला पुसला आणि खिडकीकडे वळला.

आधी तो एकीची वाट बघायचा. मग दोघींची बघू लागला. त्या हिवाळ्यात गेला, तोंड खिडकीकडेच होतं. वहिनी त्यानंतर दोन वर्षं राहिली, आरसा भिंतीकडे फिरवून.

देव आला नाही म्हणून मी त्याच्याशी भांडत नाही. त्याचंही काही असेल. तुमच्याकडे एवढंच मागते. कधी हात जोडाल तेव्हा माझ्या वहिनीची आठवण करा. त्या फोटोतल्या बाईची नको, तिला पुष्कळांनी पाहिलंय. जिच्या हनुवटीजवळ घडी होती ना, तिची करा.