मास्तरणीची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. खुर्ची म्हटलं की माणसांचे कान लगेच टवकारतात, हे मला ठाऊक आहे. पण जिच्यासाठी लोक एकमेकांचे पाय ओढतात, ती मी नव्हे. मी आपली साधी घडीची खुर्ची. लोखंडी नळ्यांचे पाय, लाकडी पट्ट्यांची बैठक, पाठीला एक आडवी फळी. मिटली की दाराआड मावते, उघडली की थोडी कुरकुरते. माझ्यामुळे आजवर कुणी मंत्री झालं नाही. एक मुलगी मात्र विद्यापीठात टिकली. आणि दुसरीचं काय झालं, तेच सांगायला मी तोंड उघडलंय.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. आमचा कारागीर जाडजूड होता. खुर्ची तयार झाली की तो स्वतः तिच्यावर धपकन बसायचा, एकदा मागे रेलायचा आणि म्हणायचा, "जा, आता तुला कुणाचं भय नाही." मला ते खरंच वाटलं होतं. वजनाचं भय मला आजही नाही.

तिथून मी एका बाईंच्या शिवणवर्गात गेले. त्या वर्गात मी माणसं ओळखायला शिकले. तोंड काहीही बोलो, बसण्यात माणूस सापडतो. जिला काम येतं ती पाठ टेकून बसते. जिला येत नाही ती कडेवर, आत्ता उठते मग उठते अशी. आणि जी थाप मारत असते, ती आपले पाय माझ्या पायांना वेढून घट्ट धरते, जणू मीच तिला वाचवणार आहे.

बाईंची नजर मंदावली तसा वर्ग बंद झाला. त्याच सुमारास त्यांच्या भाचीला विद्यापीठात प्रवेश मिळाला. "आत्या, तिथे टेबल आणि स्टूल देतात," भाची म्हणाली. "स्टुलावर बसून चार वर्षं काढशील तर पदवीबरोबर पाठदुखीही घेऊन येशील. ही ने," आत्या म्हणाली आणि मला स्वतः पुसून तिच्या हाती दिलं.

अशी मी मुलींच्या वसतिगृहात आले. खोलीत दोन खाटा, दोन टेबलं, दोन स्टुलं. एक खाट माझ्या मालकिणीची. तिला समजलेली गोष्ट दुसऱ्याला समजावल्याशिवाय अन्न गोड लागायचं नाही, म्हणून सगळा मजला तिला मास्तरीण म्हणायचा. दुसऱ्या खाटेवरची मुलगी म्हणजे झिपरी. केस कायम डोळ्यांवर, चपला कायम वेगवेगळ्या कोपऱ्यांत, आणि हसणं असं की भिंतीपलीकडची मुलगीही कारण न कळता हसायला लागायची. दोघी एकाच शाखेत, पाणी आणि पर्यावरण शिकत होत्या. पहिल्या वर्षी मला त्या दोघी सारख्याच आवडायच्या. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी आधीपासूनच झिपरीवर डूख धरून होते.

दुसऱ्या वर्षी झिपरी घसरली. एका विषयात नापास झाली, त्याची लाज वाटून वर्गात जाईना. वर्गात जाईना म्हणून पुढचं कळेना. दुपारी दारं लावून ती पांघरुणात पडून राहायची. घरी फोनवर मात्र सगळं झकास. शेवटी विद्यापीठाने तिला परिवीक्षेवर ठेवलं. म्हणजे एक सत्र मुदत. तेवढ्यात गुण ठरलेल्या पातळीच्या वर आणायचे, वागणुकीची एकही तक्रार येऊ द्यायची नाही, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

त्या दिवशी झिपरी माझ्यावर येऊन बसली. अगदी कडेवर.

"बाबांना काय सांगू?" ती म्हणाली. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. "ते सगळ्यांना सांगत फिरतात, माझी मुलगी वर चाललीय म्हणून."

"आत्ता काही सांगू नकोस," मास्तरीण म्हणाली. "आधी ऊठ. ही खुर्ची माझी. तू स्टुलावर बस आणि पुस्तक काढ."

त्या सत्रात मास्तरीण जितकी माझ्यावर बसली तितकी आधी कधी बसली नव्हती. रोज संध्याकाळी जेवणाआधी शिकवणी. झिपरीला समीकरणं सुटायची नाहीत, तेव्हा मास्तरीण तिला नळ, बादली, टाकी असलं काहीतरी सांगून तिथवर आणायची. झिपरी रडायची, चिडायची, पेन फेकायची. "तू माझी आई आहेस का?" असंही एकदा म्हणाली. "आई असते तर कानाखाली दिली असती. मैत्रीण आहे म्हणून पुन्हा सांगते," मास्तरणीचं उत्तर. हळूहळू झिपरीला यायला लागलं. मग मास्तरीण खाटेवर बसायची आणि मला झिपरीच्या हवाली करायची. "आता तू मला शिकव." एक दिवस झिपरीने शिकवता शिकवता पाठ टेकली. तिला कळलंही नाही. मला कळलं. मी तेव्हा मनातल्या मनात कुरकुरले, आनंदाने.

आता तळ्याचं सांगते. विद्यापीठामागे एक तळं आहे. दोघींनी मिळून त्याचा प्रकल्प घेतला होता. दर आठवड्याला जाऊन तळ्याच्या वेगवेगळ्या काठांवरचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि प्रयोगशाळेत तपासायला द्यायचं. दर खेपेला मास्तरीणच जायची; शेवटच्या खेपेला मात्र ती तापाने फणफणली होती.

"मी जाते गं," झिपरी म्हणाली. "तू झोप."

बाहेर गारठा होता, चिखल होता, आणि दुसऱ्या दिवशी झिपरीचा मागे राहिलेल्या विषयाचा पेपर होता. झिपरी बाटल्या घेऊन निघाली ती न्हाणीघरापर्यंत. नळ सुटल्याचा आवाज मी ऐकला. परत येऊन तिने त्या ओल्या बाटल्या माझ्यावर मांडल्या आणि त्यांवर काठांची नावं लिहिली. खाटेवर मास्तरीण गाढ झोपली होती. जाग आल्यावर तिने विचारलं, "जमलं ना?" झिपरी म्हणाली, "हो, पाय नुसते गारठले."

नळाच्या पाण्यात औषध असतं, तळ्याच्या पाण्यात नसतं. जी मुलगी सत्रभर पाणी शिकली, तिला हे सुचू नये, याचं मला अजूनही नवल वाटतं. प्रयोगशाळेतल्या सरांना ते लगेच सापडलं. दोघींना चौकशी समितीपुढे बोलावणं आलं.

तेव्हा कुठे झिपरीने मास्तरणीला खरं सांगितलं. हमसून हमसून रडली. "मी उद्या आत जाऊन सगळं सांगते. तू काळजी करू नकोस. माझ्यामुळे तुला काही होऊ देणार नाही."

मास्तरणीने तिचे केस डोळ्यांवरून मागे सारले. मग म्हणाली, "खरं सांगितलंस की सर ऐकतात. मीही तुझ्या बाजूने बोलेन. म्हणेन, पेपराचं दडपण होतं." आणि तिने उठून झिपरीसाठी पाणी आणलं.

रडताना झिपरी माझ्यावरच बसली होती. तिचे पाय माझ्या पायांना वेढलेले होते. मी ते ओळखलं होतं. पण खुर्चीचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी झिपरीला आधी आत बोलावलं आणि मास्तरणीला नंतर. मास्तरीण खोलीत परतली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं. झिपरी मागोमाग आली.

"तू त्यांना सांगितलंस, नमुने आणायचं काम माझं होतं," मास्तरीण म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"आधीच्या सगळ्या खेपांना तूच तर जात होतीस. मी खोटं कुठे बोलले?"

"शेवटची खेप?"

झिपरीने दार लावलं. "माझं ऐक. मी परिवीक्षेवर आहे. माझ्यावर आलं असतं तर आजच्या आज घरी. तुझं रेकॉर्ड स्वच्छ आहे. तुला फार तर एक सत्र परिवीक्षा देतील. तू काढशील गं ते. तुझ्यासाठी काय अवघड आहे?"

"मला विचारलं असतंस तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

मास्तरीण माझ्यावर बसली. कडेवर. शिवणवर्गातल्या नवख्या मुलीसारखी. "विचारलं असतंस तर मी कदाचित हो म्हटलं असतं," ती म्हणाली. झिपरी कोपऱ्यातल्या चपला शोधायला लागली.

मास्तरीण समितीकडे परत का गेली नाही, असं तुम्ही विचाराल. ती गेली. झिपरीला पुन्हा विचारलं गेलं आणि तिने पहिलंच उत्तर पुन्हा दिलं. मग एकीच्या शब्दापुढे दुसरीचा शब्द उरला, आणि आधीच्या बाटल्यांवर तर मास्तरणीचंच अक्षर होतं. शेवटच्या बाटल्यांवर आपण फक्त नावं लिहून दिली, असं झिपरी म्हणाली. मास्तरणीला प्रकल्पात शून्य मिळालं आणि एक सत्र परिवीक्षा. पुढच्या वर्षासाठी प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून तिची निवड झाली होती, ती जागा दुसऱ्या कुणाला दिली. झिपरीला तिच्या भागाचे गुण मिळाले, पेपर चांगले गेलेलेच होते. निकालाबरोबर तिची परिवीक्षा उठली.

मग झिपरीचे वडील आले. मुलीने त्यांना आता सगळं सांगितलं होतं, म्हणजे सांगण्याजोगं सगळं. मी त्यांच्यासाठी उघडी होते. ते बसले, पाठ नीट टेकली, आणि हात जोडून मास्तरणीकडे बघत राहिले.

"बाळ, तुझे उपकार कसे फेडू? तू नसतीस तर माझी पोर बुडाली होती."

"मेहनत तिनेच केली, काका."

"तिने केलीच. पण तू बसलीस ना तिच्याबरोबर. तुझा निकाल कसा? तू तर पहिली असशील."

झिपरी खिडकीकडे वळली. "बाबा, निघू या का? जेवायला उशीर होईल."

"थांब गं. बोलू दे की तिला."

"यंदा माझं जरा मागे पडलं, काका," मास्तरीण म्हणाली. "परिवीक्षेवर आहे."

ते चपापले. त्यांना खरोखर वाईट वाटलं, हे मला त्यांच्या बसण्यातून कळलं. "अरेरे. तुला शिकवायला कुणी नव्हतं का?" मग ते लेकीला म्हणाले, "ऐकलंस का? आता तुझी पाळी. आता तू शिकव हिला."

कितीही वजनदार माणसाखाली मी कधी दबले नव्हते. त्या दिवशी दबले.

मास्तरीण खरं सांगू शकली असती. त्या माणसाकडे बघून तिने सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिने खोली बदलून घेतली. कपडे नेले, पुस्तकं नेली, उशी नेली. मी मिटून तयार होते. तिने दारातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

मला सोडलं. झिपरीने केलं ते मी समजू शकते, ती घाबरली होती. पण मी काय केलं होतं? मी तर शेवटपर्यंत मास्तरणीचीच होते.

पुढच्या सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांच्या सल्लागार बाईंनी वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत बैठक घेतली. परिवीक्षेवरच्या मुलींना ती सक्तीची होती. परिवीक्षेतून बाहेर आलेल्या मुलीने चार शब्द सांगावेत म्हणून त्यांनी झिपरीला बोलावलं. बसायला खुर्च्या कमी पडतील म्हणून जिने तिने आपापलं आसन आणायचं होतं. झिपरी मला घेऊन गेली.

ती छान बोलली. स्वतःवर विश्वास ठेवा, वेळ पाळा, लाजू नका, मदत मागा. मदत कुणी केली, ते आलं नाही. तिसऱ्या रांगेत मास्तरीण स्टुलावर ताठ बसून ऐकत होती. नियमाप्रमाणे तिला ऐकावंच लागत होतं.

"कुणाला काही विचारायचंय?" बाईंनी विचारलं.

मास्तरणीने हात वर केला. "सगळ्यात अवघड दिवस कुठला होता?"

झिपरीचे पाय माझ्या पायांकडे सरकले. "पहिला," ती म्हणाली. "परिवीक्षा लागल्याचं कळलं तो."

"मला वाटलं, शेवटचा असेल."

"असं का बरं वाटलं तुला?" बाईंनी कौतुकाने विचारलं.

"सहजच, मॅडम."

खोली रिकामी झाल्यावर झिपरी मला घेऊन मास्तरणीच्या मागे गेली. "ही तुझी आहे. घेऊन जा."

मास्तरणीने माझ्या पाठीच्या फळीवर हात ठेवला. तो हात मी कुठेही ओळखला असता. मला वाटलं, आता नेते.

"नको," ती म्हणाली. "तुला शिकवल्याचा मला पश्चात्ताप करायचा नाहीये. ही समोर असली की तो होतो."

तिने ते सत्र एकटीने काढलं. वाचनालयात बसायची म्हणे, कुठल्या खुर्चीवर ते देव जाणे. सत्राअखेरी तिची परिवीक्षा उठली. मजल्यावरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, त्या मी बंद दारातून ऐकल्या. झिपरीनेही ऐकल्या. तिने केस विंचरले, चांगला कुर्ता घातला, बूट चढवले आणि दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवून उभी राहिली. मग मागे फिरली, माझ्यावर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

आता दोघींचीही शिक्षणं संपली आहेत. झिपरी जाताना मला इथेच ठेवून गेली. मी वसतिगृहाच्या व्हरांड्यात असते. मुली माझ्यावर उभ्या राहून दिवे बदलतात, ओले टॉवेल टाकतात, कधी कधी पाय वर घेऊन फोनवर घरी बोलतात. त्यांतल्या काही जणी माझ्या पायांना विळखा घालून "सगळं झकास आहे" असं सांगतात, तेव्हा मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटतं.

एका पायाची रबरी टोपी गेली आहे, म्हणून मी थोडी डुगडुगते. बाकी धडधाकट आहे. तुमच्यापैकी कुणाला मी हवी असेन तर खुशाल न्या. फक्त माझ्यावर अशा माणसाला बसवा, ज्याचं ऋण तुम्ही चारचौघांत कबूल कराल. नाहीतर मला इथेच राहू द्या. दिवे बदलायला मी बरी आहे.