आवडाबाईच्या भाताला फुटलेलं रक्त

"उचला पान!" सांडू भगत गरजला आणि पडेगावच्या पारावर जमलेली शे-दीडशे माणसं एकदम पुढं सरकली.

पारावर पळसाच्या पानांनी झाकलेल्या मातीच्या नऊ वाट्या होत्या. दोन दिवसांपूर्वी भगतानं गावातल्या नऊ बायकांकडून मूठ-मूठ शिजलेला भात मागवला होता. प्रत्येक मुठीवर बोट फिरवून, "फट् धरत्री, सूट कपट, डाकिणीचं रगत वाटीत पट!" असा मंत्र पुटपुटून त्यानं वाट्या मारुतीच्या देवळात कोंडल्या होत्या. कुलपाची किल्ली गावचे मुखिया नानासाहेब यांच्याकडं होती.

आठ वाट्यांतला भात आंबून पिवळट झाला होता. नवव्या वाटीत मात्र लालभडक थेंब होते, नुकतं बोट कापून शिंपडल्यासारखे.

"कुणाची ही?"

"आवडाबाईची," नानासाहेब म्हणाले.

बायकांनी लेकरं पदराखाली ओढली. पोलीस ॲक्शनला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. रझाकार गेले, निजाम गेला, शाळेत नवा नकाशा लागला, पण पारावरचा भगत तोच राहिला होता. त्या महिन्यात हगवण-ओकारीनं गावातली तीन लेकरं गेली होती. तिन्ही आवडाबाईच्या हातावर जन्मलेली. ती गावची सुईण होती, विधवा होती आणि कुणाचं ऐकून घेत नव्हती. डाकीण ठरवायला आणखी काय लागतं?

"सात दिसांत हिनं गाव सोडावं," भगत म्हणाला. "शनिवारी मी येतो. ही इथं दिसली, तर चौथं लेकरू गेलंच म्हणून समजा. नव्याण्णव खेडी पाहिली म्या, माझा कौल कधी हुकला नाय!"

मी गावचा शाळामास्तर. मुलांना विज्ञान शिकवायचो आणि त्या सकाळी गर्दीत तोंड मिटून उभा होतो. ही लाज मी लपवणार नाही.

बोलली ती आवडाबाईच. वाटी उचलून तिनं नाकाशी धरली.

"चाळीस वर्सं बाळंतपणं केली म्या. रगत धुता धुता जिंदगी गेली. दुसऱ्या दिशी ते काळं पडतंय, त्याला वास सुटतो. हे अजून लाल कसं? हे रगत नाय."

"डाकिणीचं रगत काळं पडत नसतंय!" भगत खेकसला.

"तुला बरं ठावं!" ती म्हणाली. माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "मास्तर, हे तपासायची जागा शहरात हाय का नाय?"

होती. माझ्या शाळासोबत्याची राहत नावाची बहीण एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. त्याच दुपारी आम्ही चालत औरंगाबादला गेलो. वाटी आवडाबाईनं फडक्यात बांधून डोक्यावर घेतली होती. माझ्या पिशवीत गावच्या विहिरीच्या पाण्याची बाटली होती. तीही तिनंच भरून दिली होती.

राहतनं सगळं ऐकलं, हसली नाही. "बैठो अम्मा," ती म्हणाली, "आधी खरं रक्त कसं दिसतं ते बघा." तिनं स्वतःच्या बोटाला सुई टोचली, काचेवर थेंब पसरला आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

आवडाबाईनं एक डोळा मिटून पाहिलं. "बाई गं! बत्तासे हायती. मधी दबलेले."

"या रक्तातल्या तांबड्या पेशी. आपलं अंग अशा करोडो पेशींचं बनलेलं आहे. आपल्या पेशीला वरून कडक भिंत नसते, नुसती पातळ त्वचा." मग राहतनं कांद्याचा पापुद्रा ठेवला. "ही झाडाची पेशी."

"ह्या तर चिरेबंदी विटा!"

"झाडाच्या पेशीला भिंत असते, म्हणून. भगतानं बीट किंवा कुंकवाच्या झाडाचा रंग चोळला असता, तर अशा विटांचे तुकडे दिसले असते." तिसऱ्या काचेवर तिनं नानवाल्याकडचं खमीर घेतलं. त्यात अंडाकार गोळ्या होत्या, काहींना बाजूनं कोंब फुटलेले. "ही बुरशीची जात. यांनाही भिंत, पण वेगळ्या मसाल्याची. नान फुगवतात ते हेच."

शेवटी तिनं वाटीतला लाल ठिपका सुईच्या टोकानं उचलला, काच जाळावर धरली, रंग दिला, वरून तेलाचा थेंब सोडला. काच इकडंतिकडं सरकवत तिनं ती दोनदा पाहिली.

"बत्तासे नाहीत, विटा नाहीत, कोंबवाल्या गोळ्या नाहीत," ती म्हणाली. "बारीक काड्या आहेत. रक्ताच्या एका पेशीवर कितीतरी मावतील. आत केंद्रकसुद्धा नाही, एवढा साधा जीव. हे जंतू, अम्मा. यातली एक जात ओल्या भातावर वाढली की लाल रंग तयार करते. दमट उन्हाळी दिवस आणि झाकलेली वाटी, एवढंच तिला लागतं."

"मग माझ्याच भातावर का?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. राहत म्हणाली, "कुणीतरी पेरल्याशिवाय नऊतल्या एकाच वाटीत येणं कठीण."

आवडाबाई डोळे मिटून बसली. "त्यानं आठ वाट्यांवर उजवं बोट फिरवलं," ती सावकाश म्हणाली. "माझ्या वाटीवर डावी करंगळी. आधी भंडाऱ्याच्या डबीत बुडवून."

राहतनं उकडलेल्या बटाट्याच्या चकतीवर तो ठिपका टेकवला. तिसऱ्या दिवशी चकती लाल झाली. ती आणि बाटलीतल्या पाण्याच्या तपासाचा कागद घेऊन मी गावात आलो. तीन ठिकाणांहून मूठ-मूठ भात मागून आणला, वाट्यांच्या बुडाला नावं लिहिली आणि दोन वाट्यांत सुईनं तो लाल ठिपका टेकवला. तिसरीला हात लावला नाही. वाट्या शाळेच्या कपाटात बंद केल्या.

शनिवारी सांडू भगत आला तेव्हा आवडाबाई पारावर मांडी घालून बसली होती. समोर झाकलेल्या तीन वाट्या.

"भगत, तुझाच नेम," ती म्हणाली. "ज्याच्या भाताला रगत, ते पापी. व्हय ना?"

"व्हय! मग कुणीबी असो! राजा असो, रंक असो!"

मी पानं उचलली. दोन वाट्या लालभडक, एक आंबलेली पण कोरी. मी कोरी वाटी उलटी करून बुडाचं नाव वाचलं: आवडाबाई. दुसरी उलटली: नानासाहेब. तिसरी मारुतीच्या नैवेद्याची होती.

गर्दी वाट्यांवर वाकली.

"बोल की!" आवडाबाई उठली. "नानासाहेबांनी कोणतं लेकरू खाल्लं? मारुतीरायानं कोणतं खाल्लं? का देवबी डाकीण हाय?"

भगत झोळी सावरत मागं सरकला. नानासाहेबांनीच त्याचा हात धरला. भंडाऱ्याची डबी उघडली. वर हळद होती. हळदीखाली ओल्या फडक्यात कुजका, लाल भात होता.

मग मी बोललो. सात दिवस उशिरा का होईना. बटाट्याची चकती हातोहात फिरवली आणि राहतनं आम्हाला काय दाखवलं ते सांगितलं. विहिरीच्या पाण्याचा तपासही वाचून दाखवला: त्यात घाणीतून आलेले पोटाचे जंतू सापडले होते. वाटीतल्या जंतूंकडं आपण सात दिवस डोळे फाडून पाहत होतो आणि लेकरं मारणारे जंतू रोज घागरीनं घरी आणत होतो.

भगताला फौजदाराच्या हवाली केलं. नानासाहेब आवडाबाईला लुगडं-चोळी द्यायला निघाले. तिनं ते हातानंच बाजूला सारलं.

"लुगडं नगं. हिरीला कठडा बांधा, जवळचा उकिरडा हलवा. आन् तोवर पाणी उकळून प्या. माझ्याबद्दल वाईट वाटतंय ना? मग एवढं करा."

महिनाभरात कठडा झाला, विहिरीत औषध पडलं, हगवण थांबली. पण गेलेली तीन लेकरं परत आली नाहीत, आणि जर त्या बाईनं मान खाली घालून गाव सोडलं असतं, तर चौथंही गेलं असतं. मग भगतानं नवी डाकीण शोधायला पुन्हा नऊ वाट्या मांडल्या असत्या!

म्हणून सांगतो, कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी विचारा: हे दुसऱ्याच्या वाटीत घडेल का? माझ्या हातानं घडेल का? विचारायला शाळा शिकावी लागत नाही. आमच्या गावात तो प्रश्न एका अंगठेबहाद्दर सुईणीनं विचारला. शिकलेला मी तर गप्प होतो.