वळणावरचा उजेड

१९८८ सालचा मे महिना. चंद्रपूरचं ऊन ज्याने सोसलंय त्याला त्याचं वर्णन सांगायला नको, आणि ज्याने सोसलं नाही त्याचा विश्वास बसायचा नाही. झाडीपट्टी शिक्षण मंडळाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात थंड हवेची खोली एकच होती, आणि ती माणसांसाठी नव्हती. तिथे कॉम्प्युटर राहायचा. चपला बाहेर काढून आत जायचं, हळू बोलायचं, पंख्याला हात लावायचा नाही. प्राचार्य रोज दुपारी दोन वाजता कॉम्प्युटरची पाहणी करायला येत आणि खुर्चीत तासभर डोळे मिटून पाहणी करत. काय ते दिवस होते! पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली की आम्ही सारे विद्यार्थी आ वासून बघायचो.

त्या खोलीची किल्ली गुणवंतराव रामटेके यांच्याकडे होती. वय अठ्ठावीस, अंगाने काटकुळे, त्यांच्या वस्तीतले पहिले इंजिनिअर आणि कॉलेजातले सगळ्यात नवे व्याख्याते. नोकरी अजून कायम झाली नव्हती. कायम करण्याचा शेरा विभागप्रमुख वामनराव लिहिणार होते.

घुग्घुसच्या बाजूच्या एका कोळसा खाणीने कॉलेजकडे एक काम दिलं होतं. खाणीच्या पोटात, अगदी शेवटच्या कामाच्या जागेपर्यंत टेलिफोन न्यायचा होता. छत बसलं, वायू सुटला, तर खालच्या माणसाला वर हाक मारता यावी एवढ्यासाठी. साध्या तारेत ठिणगीची भीती, म्हणून काचेची तार घ्यायची ठरलं. केसाएवढी बारीक तार. तिच्यातून आवाज प्रकाशाच्या रूपाने जाणार. ती तार टाकायला खाणीत एक जुना लोखंडी पाइप होता. तो अकरा ठिकाणी काटकोनात वळला होता.

प्रकाश पलीकडे पोचेल का, हे तार न टाकताच कॉम्प्युटरवर पाहायचं होतं. गुणवंतरावांनी मुंबईच्या एका शिबिरातून विद्युतचुंबकीय लहरींचं गणित करणारा प्रोग्राम फ्लॉपीवर आणला होता. वळणांचा भाग त्यांनी स्वतः लिहून जोडला. प्रोग्राम तारेचे बारीक बारीक तुकडे पाडायचा आणि प्रत्येक तुकड्यात किती प्रकाश आत राहिला, किती बाहेर सांडला, ते मोजत पुढे सरकायचा. एका फेरीला सहा तास लागत. मध्येच लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून!

चार दिवसांनी उत्तर आलं. सरळ तारेत सगळं झकास. पण त्या अकरा वळणांतून हजार भाग प्रकाश सोडला, तर पलीकडे एक भागही पोचत नव्हता.

वामनरावांनी कागद पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"गुणवंतराव, कंपनीच्या पुस्तकात तर तार उत्तम म्हणून लिहिलंय."

"सर, ते सरळ तारेचं आहे. वळणावर..."

"पंधरा तारखेला खाणीतल्या फोनचं उद्घाटन आहे. पाहुणे ठरले. सोमवारी खाणीचे नानाजी रिपोर्ट न्यायला येतील. उत्तर काय यायला पाहिजे ते आपल्याला माहीत आहे. त्या हिशेबाने आकडे बसवा. नवीन आहे का हे तुम्हाला?"

नवीन नव्हतंच. मंडळी, आपणही प्रयोगशाळेत हेच केलं आहे ना? आधी पुस्तकातलं उत्तर बघायचं, मग त्यावरून मागे मागे येत वाचनं भरायची. त्याला आम्ही 'उलटी रीडिंग' म्हणायचो. ज्याची वही खोटी त्याला दहापैकी नऊ गुण, आणि ज्याने खरंच मोजलं त्याला 'पुन्हा करा' असा लाल शेरा! वामनराव वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनाही त्यांच्या सरांनी हेच शिकवलं होतं.

गुणवंतरावांनी प्रोग्राममध्ये वळणाची त्रिज्या दीड सेंटीमीटरच्या जागी सहा सेंटीमीटर टाकली, म्हणजे वळण सैल केलं. एवढंच. शनिवारी सकाळी फेरी लावली.

त्याच दिवशी त्यांचे वडील रामाजी डोळे तपासायला गावाहून आले होते. दवाखाना आटोपून ते कॉलेजात आले, चपला काढून त्या गार खोलीत स्टुलावर बसले. आयुष्यभर मूल गावाकडच्या एका धानाच्या फार्मवर रोजंदारी केलेला माणूस. प्रिंटरने करकर करत कागद ओकायला सुरुवात केली.

"काय लिहून राह्यला रे हा?"

गुणवंतरावांनी मोठ्या हौसेने सगळं समजावलं. तार, प्रकाश, वळणं. आणि बोलता बोलता, बापाजवळ काय लपवायचं म्हणून, तो दिडाचा सहा केलेला आकडाही सांगून टाकला.

रामाजींनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"मंग खाणीतला पाइपबी बदलला का?"

"नाई बाबा. पाइप थोच हाय."

"मंग तू काय बदलवलं?"

"कागदावरचं, बाबा. इथी सगळेच असं करतात. सोमवारी रिपोर्ट द्याचा हाय. माझी नोकरी कायम व्हाची हाय."

रामाजी उठले नाहीत, ओरडले नाहीत. धोतराच्या सोग्याने तोंड पुसून म्हणाले, "तुले एक गोस्ट सांगतो. तुझ्या मायलेबी मी कधी सांगतली नाई."

गुणवंतराव खुर्ची ओढून जवळ बसले.

"तू दोन वर्साचा होता. फार्मवर नवीन धानाची एक बांधी होती, चार बांधाच्या मंधातला तुकडा. पाहाचं होतं का हा धान आपल्या मातीत टिकते का नाई. रोवणा झाला अन् वीस दिसांत जागोजागी पऱ्हे मेले, रोपायच्या जागी खाली माती. आता आपन शेतकरी मानूस! बांधीत खाली जागा दिसली का हात थांबत नाई. मले कोनी सांगतलं नवतं, तरी मी बाजूच्या बांधीतला आपल्या जुन्या लुचई धानाचा पऱ्हा आनला अन् खाली पडलेले सारे नांगे भरून काढले. बांधी कशी भरून दिसे! साहेबानं कापनीले मोजलं, म्हने वा, पास. दुसऱ्या वर्सी गावागावात बियानं वाटलं. तुझ्या बापूमामानंबी पेरलं."

"मंग?"

"मंग काय! पुरी बांधी झोपली, पऱ्हा एकबी नाई जगला. त्या वर्सी तुझ्या मामाच्या घरी दोन सांजा चूल नाई पेटली. मी लबाडी करून राह्यलो असं मले वाटलंच नाई, गुणवंता. मले वाटलं, मी चांगलं करून राह्यलो. पन थे खाली जागा हेच तं त्या बांधीचं उत्तर होतं! अन् मी थे माझ्या हातानं बुजवून टाकलं."

प्रिंटर थांबला. कागदावर सुंदर आकडा आला होता. हजारात चारशे भाग प्रकाश!

"धान मेला तं पुढच्या वर्सी पेरता येते," रामाजी म्हणाले. "खाणीतल्या मानसानं फोन उचलला अन् आवाज नाई गेला, तं?"

गुणवंतरावांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. खाली अंधारात कुणीतरी फोन कानाला लावून ओरडतोय, आणि वर कुणालाच काही ऐकू येत नाही! आणि हे सगळं एका आकड्यापायी, आपण बसवलेल्या आकड्यापायी! त्यांनी तो कागद फाडला आणि पहिला कागद कपाटातून काढून पिशवीत घातला.

सोमवारी खाणीचे नानाजी वैरागडे आले. पंचवीस वर्षं खाणीत काढलेला धिप्पाड माणूस. वामनरावांनी चहा मागवला. गुणवंतरावांनी उभ्यानेच सांगितलं, "प्रकाश पोचत नाही, साहेब. पाइपमधून तार टाकली तर फोन मुका राहील. आणि मी शनिवारी आकडा बदलून खोटा रिपोर्ट तयार केला होता. तो फाडून टाकलाय."

वामनरावांचा चेहरा लालबुंद झाला. चहा तसाच राहिला.

नानाजींनी कागद उलटसुलट पाहिला. "प्रकाश मरते कुठी? वळणावरच ना?"

"हो."

"अन् वळण मोठं केलं तं?"

"सहा सेंटीमीटरला हजारातले चारशे भाग पोचतात. पोचायला पाहिजे त्याच्या कितीतरी वर."

"मंग सांगाचं ना तसं! पाइप गेला चुलीत. छताले लोखंडी आकडे ठोकतो, तार ऐसपैस फिरवून नेतो. दोन महिने जास्त लागतील, लागू द्या. खाली माझीच पोरं हायेत."

उद्घाटन पुढे गेलं. पाहुणे रागावले. गुणवंतरावांची नोकरी कायम व्हायला आणखी एक वर्ष लागलं, आणि महिनाभर वामनराव त्यांच्याशी बोलले नाहीत. पण जुलैत नवा वर्ग सुरू झाला, तेव्हा प्रयोगशाळेत वामनराव स्वतः उभे राहून म्हणाले, "यंदा उत्तर आधी बघायचं नाही. जे वाचन येईल ते पेनाने लिहायचं, चुकलं तरी खोडायचं नाही. कसं चुकलं ते सांगेल त्याला पूर्ण गुण." बोलून ते खिडकीकडे वळले आणि चष्मा पुसत राहिले. पोरांना काही कळलं नाही, पण गुणवंतरावांना कळलं. ऑगस्टमध्ये खाणीतून पहिला फोन वर आला, आवाज अगदी बाजूला बसल्यासारखा.

इकडे रामाजींनाही चैन पडेना. पोराला जे सांगितलं ते आपण केलं का? एका सकाळी ते एस.टी.ने गुणवंतरावांचे मामा बापूराव यांच्या गावी गेले आणि ओसरीवर बसून त्या बांधीची सगळी हकीकत साळ्याला सांगितली.

बापूरावांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला हा माणूस. कुणाच्या नवसाला जायचा नाही, कुणाच्या अंगातल्या देवाला भ्यायचा नाही. पण त्या वर्षापासून त्यांनी पऱ्ह्याच्या बियाण्याला एकदाही हात लावला नव्हता. दरसाल त्यांच्या पत्नी भागीरथाबाईच पेरत. का, ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"पंचवीस वर्सं, रामाजी!" ते म्हणाले. "पंचवीस वर्सं मी समजत होतो का माझ्याच हाताले यश नाई."

रामाजी ढसाढसा रडले.

वाचकहो, खोटा आकडा कागदावर राहत नाही. तो कुणाच्या तरी शेतात जातो, कुणाच्या खाणीत उतरतो, कुणाच्या मनात घर करून बसतो. आपण शाळेत असू, कचेरीत असू, कारखान्यात असू. जे मोजलं तेच लिहू या. आणि पूर्वी कधी खोटं लिहिलं असेल, तर ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारी जाऊन सांगू या. त्याला फार उशीर झाला असं कधी होत नाही.

पुढच्या मृगात भागीरथाबाई बियाण्याची टोपली घेऊन निघाल्या, तेव्हा बापूरावांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.