बसमधली लाज

जयसिंगच्या घोरण्यापायी कस्तुराच्या झोपेचं खोबरं झालं होतं. तिनेच मागे लागून दातांच्या डॉक्टरकडून त्याच्यासाठी घोरणं थांबवायला जबडा पुढे धरणारा साचा करून घेतला. पण रात्री तो तोंडात घालायचाच नाही. म्हणे, जबडा दुखतो.

आज रहाटणीच्या बाजारात त्याच्या कंपनीतला सोहेल भेटला. "वहिनी, महाळुंग्याला कामावर जाताना कंपनीच्या बसमध्ये भाऊ साचा घालूनच झोपतात. आता आम्हालापण निवांत झोप लागते!"

कस्तुराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात पाऊल टाकताच तिने नवऱ्याला जाब विचारला.

"अगं, बसमध्ये चार लोक असतात. लाज वाटते," जयसिंग पुटपुटला. "तू काय, घरचीच."

"घरच्यांना झोप नसते?" कस्तुराने त्याची उशी दाराबाहेर भिरकावली. "जा, त्या चार लोकांतच झोपा!"