कापशीची चिठ्ठी

तिने दगडावर पाणी शिंपडलं, तोंडावरचा मास्क पुन्हा एकदा दाबून बसवला आणि चिमट्याने एक तंतू उचलला.

"झालं का गं?" प्रयोगशाळेच्या दाराबाहेरून बाबांनी विचारलं.

"आत यायचं नाही!"

जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवलेल्या माणसाला तिने बाहेर स्टुलावर बसवलं होतं. त्यांचा खनिजसंग्रह संग्रहालयाला जायचा होता. त्याआधी त्यातला अ‍ॅस्बेस्टॉस ओळखून वेगळा काढायचा होता; त्याचे तंतू श्वासातून फुफ्फुसात रुतले तर कित्येक वर्षांनीही आजार उठतो. चार नमुने पिशव्यांत बंद झाले होते. पाचवी ही कापशी, कापसासारख्या पांढऱ्या तंतूंचा दगड; नाव तिनेच ठेवलेलं. लहानपणी ती हा दगड उशाशी घेऊन झोपायची. त्याच्या चिठ्ठीवर बाबांचं अक्षर होतं : क्रायसोटाइल, पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस. बाजूला तिने तेव्हा रंगीत खडूने काढलेला तिरका सूर्य.

गेल्या रविवारी तिची तीन वर्षांची लेक हाच दगड गालाला लावून बसली होती. तेव्हापासून लेक नुसती शिंकली तरी ही हातातलं काम टाकून धावायची. बाबांना ती काही बोलली नव्हती.

तिने सुईने तंतू वाकवून पाहिला. अ‍ॅस्बेस्टॉसचा धाग्यासारखा वाकला असता. हा मोडला. दुसरा, तिसराही. मग हातमोजा काढून तिने दगडावर नख ओढलं. पांढरा ओरखडा उठला.

तिने खुर्चीत मागे टेकून मास्क काढला.

"बाबा, हा तर साधा, निरुपद्रवी जिप्सम आहे!"

"मग? चिठ्ठीला नाही, दगडाला विचारायचं, हे किती वेळा शिकवलं गधडे?" बाबा आत आलेच. "तू पाच वर्षांची असताना अ‍ॅस्बेस्टॉसच्या धोक्यावरचा एक लेख वाचला मी. खरी कापशी कॉलेजात सीलबंद डब्यात गेली, ही जिप्सम घासून तशीच बनवली. रंग वेगळा दिसतो म्हणालीस, तर तिला आंघोळ घातली म्हणून सांगितलं. मला विचारायचं तरी होतंस!"

"तुम्हाला लागलं असतं मनाला. आणि चिठ्ठी का नाही बदलली?"

"तुझा सूर्य होता ना तिच्यावर. टाकवेना."

ती हसू लागली आणि मध्येच थांबली. पाच वर्षांची. तेव्हापासूनच तर ते रोज झोपताना तिच्या पाठीला कान लावायचे. 'समुद्र ऐकू दे. श्वास घे. सोड.' दहावीपर्यंत. ती किती वैतागायची.

बाबा चिठ्ठी जपून खिशात ठेवत होते. तिने खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ केली.

"बघा जरा, आज समुद्र कसा आहे."

बाबा वाकले. त्यांचा चष्मा तिच्या खांद्याला टेकला.

"बोलू नकोस," ते म्हणाले. "श्वास घे."