आन्स रोझ गावात काय काय आहे

नवरा बुडून गेला आणि मी मात्र रोज टिकली लावून त्याच्या आईला चहा देत होते. हा शहाणपणा माझ्या दिराचा. सिद्धांत जवळच्याच उंटरश्लाइसहाइम गावाहून आला आणि दारातच कुजबुजला, "वहिनी, आईची बायपास होईपर्यंत एक शब्द नको." म्हाताऱ्या माणसापासून मरण लपवायचं ही आपल्याकडची रीत. परदेशात, इंगोलश्टाटला राहायला आलो म्हणून ती थोडीच सुटते!

शेखर कंपनीतर्फे कॅरिबियनमधल्या आन्स रोझ नावाच्या कोळ्यांच्या गावात बर्फाच्या कारखान्याचं मशीन बसवायला गेला होता. रविवारी होडीतून फिरायला गेला, होडी उलटली. प्रेत सापडलं तेव्हा इकडे आणण्यासारखं उरलं नव्हतं. मी निघतच होते. "तुम्ही गेलात तर आईला संशय येईल," म्हणून सिद्धांतने मला अडवलं आणि ऑफिसच्या कामाचं निमित्त करून एकटाच जाऊन आला.

आई रोज विचारायच्या, "कधी येतोय गं शेखर?"

"काम लांबलंय, आई. वादळात टॉवर पडलाय, फोन लागत नाही."

"मग गाव कसंय ते तरी सांग."

सिद्धांतकडून ऐकलेलं मी सांगायचे. बोटींचा धक्का, त्याला लागून मासळीबाजार, टेकडीवर दीपगृह, पायथ्याशी पिवळं चर्च. राग यायचा शेखरचा, सिद्धांतचा आणि खोटं कशाला बोलू, आईंचासुद्धा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांची बॅग भरत होते. आई खुर्चीत बसून बघत होत्या.

"सुनेत्रा, धक्का झाला, बाजार झाला, चर्च झालं. तिथलं स्मशान कुठंय?"

मी गाऊनची घडी घालत होते. ती घालतच राहिले.

"रोज सगळं गाव सांगतेस," त्या म्हणाल्या, "पण त्यात शेखर कुठेच नसतो गं."

"चर्चच्या मागे आहे," मी म्हटलं.

"जाळलं की पुरलं?"

"पुरलं."

"कोण होतं?"

"सिद्धांत भावजी."

"आणि तू?"

"मला जाऊ दिलं नाही. तुम्हाला कळेल म्हणून."

आईंचा चेहरा रागाने लाल झाला.

"मेल्यांनो, मला सांगितलं असतंत तर आपण दोघी गेलो असतो."