कच्ची टिंबं

"वाचा, सर," असं म्हणून उन्मेषनं यंत्र वसंत सरांपुढे सरकवलं आणि त्यांचे दोन्ही हात धरून अलगद पट्टीवर ठेवले.

सरांनी डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं. मग दुसऱ्या हाताचं फिरवलं. पुन्हा एकदा, जरा दाबून. नवव्या वर्गात अकरा मुलं होती. सरांसारखंच त्यांनाही दिसत नव्हतं, त्यामुळे अकराच्या अकरा जणांचे कान त्या टेबलाकडे लागले होते.

"अरे, आधी चालू तर कर," सर म्हणाले.

"चालूच आहे, सर." उन्मेषचा आवाज खाली आला. "ओळ वर आली आहे."

ती ओळ वर येतानाची बारीक खरखर सगळ्या वर्गानं ऐकली होती. वहीएवढं ते यंत्र. वर सहा कळा आणि कळांच्या अलीकडे एक अरुंद पट्टी. कळा दाबून लिहिलं की पट्टीतून ब्रेलची टिंबं वर येतात. ओळ वाचून झाली की ती बसतात आणि पुढच्या ओळीची उठतात. यंत्र बोलतंही, पण उन्मेषनं त्याचा आवाज मुद्दाम बंद ठेवला होता. शाळेतलं पहिलं वाचन आपल्या सरांच्या बोटांनी व्हावं, अशी त्याची हौस.

पहिल्या बाकावरून सोनिका उठली. "मी पाहू काय, सर?" म्हणत तिनं टेबल चाचपलं आणि सरांच्या हाताशेजारून तिचं बोट पट्टीवर सरसर गेलं.

"माझ्या सरांना उन्मेषचा नमस्कार," तिनं न अडखळता वाचलं.

"अरे, मस्करी केली रे!" सर मोठ्यानं हसले. "म्हटलं, पाहू तरी कोणाचं लक्ष आहे."

वर्ग हसला. सरांच्या विनोदाला हसायची त्या शाळेत पद्धतच होती. उन्मेषही हसला, पण जरा उशिरानं, आणि तो उशीर सरांच्या कानांनी नेमका टिपला.

वसंत मुलमुले तीस वर्षं ब्रेल शिकवत होते. हुडकेश्वरच्या बाजूला आजच्यासारखी घरं झाली नव्हती तेव्हापासून ते या शाळेत होते. नव्यानं आलेल्या पोराचं बोट धरून त्याला पहिलं टिंब दाखवायचं, हा मान त्यांचा. उन्मेषचं बोटही त्यांनीच धरलं होतं. आज तो बँकेत अधिकारी होता आणि साहेबांच्या बैठकीत बसून अशाच यंत्रावर टिपणं घेत होता. सर हे ज्याला त्याला सांगत, कधीकधी एकाच माणसाला दोनदा.

दिवाळीनंतर केव्हातरी मुलांचे पेपर त्यांच्या हाताला लागेनासे झाले. आधी त्यांनी कागदाला नावं ठेवली: यंदाचा कागदच हलका आलाय. मग मुलांना: दिवसभर मोबाइल ऐकणारी पोरं ही, पाटीवर कलम दाबून टिंब उठवायला जोर कुठून आणणार? नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ते स्वतःच पोरांना शिकवत आले होते. घरी त्यांची बायको अरुंधती साखरेच्या आजाराची गोळी हातावर ठेवताना विचारी, "पायाला मुंग्या येतात म्हणता, मग हाताचं काय?" हाताला काय धाड भरलीय, असं म्हणून ते विषय मिटवत. चहाचा वाफाळता पेला ते हल्ली खुशाल मुठीत धरत, आणि शाळेचा शिपाई कौतुकानं सांगे, सरांचा हात लोखंडाचा आहे.

गुण मात्र द्यावेच लागत. तेव्हा त्यांनी एक नवी रीत पाडली. ज्यानं त्यानं आपला पेपर टेबलाशी आणून द्यायचा आणि नाव सांगायचं. मुलांना ती माया वाटली. नाव कळलं, की सर दोन-चार ओळींवरून हात फिरवत आणि गुण देऊन टाकत. तीस वर्षांच्या मास्तराला पोरांची कुवत ठाऊक असते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. गौरांगचे वडील डॉक्टर. घरी ऐकायची पुस्तकं, पोरगा बोलायला लागला की ऐकत राहावं. त्याला आठ नाहीतर नऊ. सोनिका नरखेडकडच्या खेड्यातली, तीन वर्षं झाली तरी तिचं 'मले-तुले' सुटत नव्हतं. तिचा पेपर हाती आला की सर सुस्कारा टाकत आणि म्हणत, "टिंबं कच्ची आहेत, बेटा. दाबून लिही."

आज मात्र अंगण वाकडं म्हणायची सोय उरली नव्हती. पोरांचं टिंब कच्चं असेल, कागद हलका असेल. यंत्राला आळस नसतो. त्यानं वर काढलेली ओळ एका पोरीनं पळत्या बोटानं वाचली होती आणि सरांना ते यंत्रच बंद वाटलं होतं. त्यांना तोंड लपवावंसं वाटलं. अकरा आंधळ्या मुलांत एका आंधळ्या माणसानं तोंड लपवायचं ते कुणापासून? पण वाटलं खरं.

मधल्या सुट्टीत उन्मेष शिक्षकांच्या खोलीत आला. यंत्र एकच होतं, त्याच्या बँकेतल्या लोकांनी मिळून शाळेला दिलेलं. नवव्या वर्गातल्या एका मुलाला ते द्यायचं होतं, दहावीला आणि पुढे डोळस मुलांच्या कॉलेजात वापरायला. अट एवढीच, की ज्याचं ब्रेल सगळ्यांत पक्कं त्याला मिळावं. पक्कं कुणाचं ते ठरणार होतं वसंत सरांच्या गुणांवरून, आणि मुख्याध्यापिका जयाबाई चार वाजता नाव कळवणार होत्या. सरांच्या यादीत गौरांग पहिला होता, दहापैकी नऊ. सोनिकाला चार होते.

"सर, रागावणार नसान तर एक विचारू?" उन्मेष म्हणाला. "त्या पोरीले चारच काहून?"

बँकेत तो शुद्ध बोलत असेल. सरांपाशी त्याची जीभ अजून वसतिगृहातलीच होती.

"टिंबं कच्ची. दाबतच नाही ती. दिवाळीपासून सांगून राहिलो."

"पेपर आहेत काय?"

पेपर कपाटात होते. नाही म्हणायला सरांना कारण सुचलं नाही. उन्मेषनं गठ्ठा मांडीवर घेतला आणि खोलीत कागदावरून बोटं फिरण्याचा आवाज तेवढा येत राहिला. तो आवाज सरांच्या चांगल्या ओळखीचा होता. एकेकाळी या खोलीत तो त्यांच्याच हातांचा असे.

"सर, ही टिंबं तर हाताले टोचून राहिली," उन्मेष म्हणाला. "दोन जागी कागद फाटला आहे. किती जोर केला असन पोरीनं."

सरांनी हात खिशात घातले.

"अन् हा गौरांगचा." बोटं फिरली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून फिरली. "सर, निबंधाची पहिली ओळ आहे, माझा आवडता सण पोळा. दुसरी ओळ तीच. तिसरी तीच. पार खालपर्यंत तीच आहे."

म्हणजे पोरांना कळलं होतं. निदान एकाला तरी. आणि त्या निबंधाबद्दल सरांनी भर वर्गात गौरांगची पाठ थोपटली होती, बाकीच्यांना त्याच्यासारखं लिहा म्हणून सांगितलं होतं. तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली होती, ती पोळ्याच्या गमतीजमतींना असेल, असं ते समजले होते. इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

उन्मेषनं गठ्ठा नीट लावून परत त्यांच्या हातात दिला. "मी कोणाले काही सांगत नाही, सर," तो हळूच म्हणाला. "यादी तुमची आहे. तुम्ही म्हणान ते नाव."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ सरांची होती आणि झाकायला त्यांचा विद्यार्थी तयार होता. त्याला दटावावं, तर तोंड नव्हतं. फेरतपासणी केली म्हणून सांगून सोनिकाला गुपचूप नऊ देता आले असते, तेही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण पुढच्या महिन्यात पुन्हा अकरा पेपर टेबलावर येणार होते, आणि निवृत्तीला अजून पाच वर्षं होती. त्यांनी गठ्ठा काखेत घेतला. मग उठले आणि भिंतीला हात लावत जयाबाईंच्या खोलीत गेले.

"मॅडम, मला ब्रेल वाचता येत नाही," त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं.

"काय म्हणता, सर?"

"दिवाळीपासून येत नाही. साखरेनं बोटं गेली. मी दिलेले गुण खोटे आहेत."

जयाबाई डोळस होत्या, सरांहून दहा वर्षांनी लहान. त्यांनी खुर्ची ओढून सरांना बसवलं आणि आधी विचारलं, डॉक्टरला दाखवलं काय. मग उन्मेषला बोलावून घेतलं. त्यानं तिथेच बसून अकराही पेपर तपासले आणि गुण यंत्रात टिपून घेतले. झाल्यावर त्यानं यंत्राचा आवाज सुरू केला, कारण यादी सरांनाही कळायला हवी होती आणि आता ती त्यांच्या हातात देऊन उपयोग नव्हता. यंत्रानं एकेक नाव वाचलं. सोनिका, आधीचे चार, आताचे साडेआठ. गौरांग, आधीचे नऊ, आताचा एक. त्या आवाजात ना राग होता ना कीव. बसथांब्यांची नावं सांगावीत तसं ते सांगत गेलं. सर मान खाली घालून अकराव्या नावापर्यंत ऐकत राहिले.

"पेपर यापुढे दुसरं कोणी तपासेल," जयाबाई म्हणाल्या. "तुम्ही तोंडी शिकवा, सर. तुमच्यासारखं सांगणारं कोण आहे?"

त्यांनी हे इतक्या हळुवारपणे म्हटलं, की ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं.

तरीही पायऱ्या उतरताना त्यांना हलकं वाटत होतं. एवढे महिने उरावर बसलेलं उतरलं होतं. खरं बोलायला छाती लागते आणि ती आपल्यापाशी निघाली, असंही मनात आलं. माणूस असाच, माफी मागायला निघाला तरी वाटेत स्वतःची पाठ थोपटून घेतो.

खेळाचा तास सुरू झाला होता. सोनिका मैदानाकडच्या पायरीवर चुरमुऱ्याची वाटी घेऊन बसली होती. सर तिच्या शेजारी टेकले.

"बेटा, ते यंत्र तुला मिळालं."

"मले?" ती म्हणाली आणि लगेच सावरून, "मला?"

"मलेच म्हण," सर म्हणाले. "तुझी टिंबं कच्ची नव्हती. पक्की होती. माझी बोटं गेली आहेत, सोनिका. दिवाळीपासून मला एक पेपर वाचता आला नाही. मॅडमना सगळं सांगून आलो. तुझी माफी मागायची राहिली होती, ती मागतो."

ते थांबले. असू द्या, सर, असं ती म्हणेल, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. पोरं म्हणतात. पण तिचं चुरमुरे खाणं तेवढं थांबलं.

"कोणाचाच नाई वाचता आला?"

"कोणाचाच नाही."

"गौरांगचा बी?"

"त्याचाही नाही."

ती विचार करत राहिली. गणित अडलं की ती अशीच गप्प होई आणि मग विचारी.

"मंग सर, मले चार काहून दिले?"

"सांगितलं ना, बेटा. मला वाचताच येत नव्हतं."

"हौ, ते समजलं," सोनिका म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती अडचण होती. "पण वाचताच येत नव्हतं, तर मले बी नऊ देता आले असते."

मैदानात पोरांचा घुंगराचा चेंडू वाजत होता. सोनिकानं वाटी बाजूला ठेवली आणि त्यांच्याकडे तोंड करून बसली. तिला खरंच उत्तर हवं होतं.